कमलाबाईंचा कापलेला बूट

सकाळचे पाच वाजून वीस मिनिटं. सिंदेवाही तालुक्यातल्या एका गावात, अंगणातल्या बल्बखाली बसून कमला खोब्रागडे नव्या बुटाची बाजू ब्लेडने कापत आहेत.

"काऊन कापून राह्यली वं? पोरीनं नवे घेऊन देल्ले," खाटेवरून त्यांचे पती वामनराव विचारतात.

"मंग बोट कापू का?"

कमलाबाई अंगणवाडीत मदतनीस आहेत. लहानपणापासून दर पावसाळ्यात धानाच्या रोवणीला जातात, तेही अनवाणी. चिखलात पंजा पसरत गेला. सिंदेवाहीच्या दुकानात बायकांचे सगळे बूट त्यांना अरुंद झाले. पुरुषांचे घातले तर टाच सुटायची. "घालत राहा बाई, सैल होतात," दुकानदार म्हणाला. मुलीने बायकांचाच जोड घेऊन दिला. कमलाबाई घालत राहिल्या. सैल झाले नाहीत.

धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी गावातून दरवर्षी एक जत्था नागपूरच्या दीक्षाभूमीला पायी जातो. गेल्या वर्षी कमलाबाईंच्या पायात जुन्या चपला होत्या आणि खांद्यावर दोन चादरी, चिवड्याचा डबा, स्टीलचा तांब्या. वाटेत भिवापूरला तळवे फोडांनी भरले आणि त्या सामानाच्या टेम्पोत बसल्या. तेव्हापासून नळावर त्यांचं नाव 'टेम्पोवाली'. यंदा शेवटपर्यंत चालायचंच, असं त्यांनी ठरवलं आहे.

पिशवी या वेळी हलकी भरली होती: एक पांढरी साडी, टॉवेल, चादर, मोजे आणि बूट नडलेच तर चपलांचा जोड. मग शेजारीपाजारी येऊ लागले. ज्यांना चालवत नाही ते मेणबत्तीचा पुडा देतात. त्यातल्या मेणबत्त्या दीक्षाभूमीवर त्यांच्या नावाने लावायच्या. नाही म्हणायची रीत नाही. पुडे वाढले तशी चादर बाहेर निघाली.

आताही फाटकाशी गुणाबाई उभ्या आहेत, हातात पुडा.

"टेम्पोत ठेवू का, गुणाबाई? पिशवी फुटून राह्यली."

"टेम्पोत ठिवाचा असता तं मी बशीनं नसती गेली? माहा गुडघा चालत नाई, मेणबत्ती तं पायी जाऊ दे." जाता जाता त्या वळतात. "अन् यंदा तू नोको बसू टेम्पोत. नाईतं माही मेणबत्तीबी बसन."

वामनराव हसतात. कमलाबाई हसत नाहीत. त्या पिशवीतून चपला काढून ओसरीवर आपटतात आणि पुडा आत कोंबतात. आता पायात घालायला कापलेल्या बुटाशिवाय दुसरं काही नाही.

बूट घालून त्या फाटकापर्यंत जाऊन येतात. करंगळी मोकळी आहे, पण कापलेली कड तिलाच घासते.

"झालं का?"

"झालं असतं तं पुन्हा बसली असती का?" त्या पुन्हा ब्लेड उचलतात.

जत्था निघायला अजून काही दिवस आहेत; उद्या पहाटे पाचला त्या सराव म्हणून भरलेली पिशवी घेऊन याच बुटांत सिंदेवाहीपर्यंत चालत जाऊन येणार आहेत. साडेनऊच्या आत परतावं लागेल. अंगणवाडीची किल्ली त्यांच्याकडेच असते.