एनिडबाईची शेवंती

रात्रभर दंव पडून इंग्लंडातल्या हॅलिफॅक्सच्या चढावरचे आमचे भाड्याचे वाफे पांढरे झाले होते, आणि एनिडबाई सकाळपासून थंडी अडवायला काचघराला आतून मेंढीची लोकर ठोकत होती. आत तिच्या नवऱ्यानं तयार केलेल्या शेवंतीच्या नव्या वाणाच्या कुंड्या होत्या. नवरा गेला, तो वाण दुसऱ्या कुणाकडेच नव्हता. थंडीनं मेला की संपला.

शेजारचा नॉर्मन बबल रॅपची, म्हणजे हवेचे फुगे असलेल्या प्लास्टिकची गुंडाळी घेऊन आला.

"घे की गं, फुकट देतोय. लोकर कसली लावतेस? इथं मेंढरं व्यायला आणणारेस का?"

"आधी हे प्लास्टिकच लावायचे मी. उन्हानं त्याचा चुरा झाला, तो अजून माझ्या कांद्यात निघतोय. आता माझ्या मातीत नको."

"मग शेवंतीसाठी रडू नकोस."

"रडले तर तुला हाक मारीन. रुमाल धुऊन आण."

लोकर तिनं उत्तरेच्या बाजूलाच लावली. दक्षिणेची काच उजेडासाठी मोकळी ठेवली. कुंड्या दाटीनं एकत्र मांडल्या आणि अंधार पडताना त्यांच्यावर जुनी ब्लँकेटं पांघरली.

दुसऱ्या दिवशी मी गेलो, तर नॉर्मन आधीच दारात उभा. बाईनं ब्लँकेटं काढली. दाराकडच्या एका कुंडीतली शेवंती काळी पडली होती. बाकीच्यांचे कोंब हिरवेगार होते.

"गेली ना एक?" नॉर्मन म्हणाला.

"दाराच्या फटीनं गेली. फट बुजवते. तुझं प्लास्टिक घरी ने."

तिनं फटीत लोकर कोंबली आणि बाहेरच्या पाण्याच्या पिंपातला बर्फ फोडायला निघून गेली.