ताट पुढे गेलं

आईने हात पुढे केला आणि ताट पुढे निघून गेलं.

महिन्याचा पहिला रविवार होता. इंदिरानगरातल्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, त्या दिवशी प्रभुभोजन असतं, येशूच्या मरणाची आठवण म्हणून सगळ्यांनी एकाच ताटातली भाकर खायची. भाकरीचे लहान तुकडे ताटात घेऊन मंडळीने नेमलेले एक वडीलजन रांगेरांगेतून फिरतात. आईने नेहमीसारखा डोक्यावर पदर घेतला आणि उजवा हात पुढे धरला. तेवढ्यात पुढून नवे पास्टर बोलले. माइक चालूच होता.

"त्यांना नको. ताई, हात मागे घ्या. आधी ते गोंदण काढा. ते अंगावर आहे तोवर तुमच्या घरातला शाप जायचा नाही."

आईने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. दुसऱ्या कोणाचा तरी असावा तसं. मग तो पदराखाली घेतला.

ताट संडे स्कूलच्या दादांच्या हातात होतं. हे लिहायला मला जड जातंय. ते थांबले. माझ्याकडे पाहिलं नाही. पुढच्या बाईकडे वळले.

आम्ही सुरगाण्याकडचे कोकणा आदिवासी. वडील सातपूरला एका वर्कशॉपमध्ये प्रेस मशीनवर आहेत. आई लहान असताना तिच्या आजीने आठवडी बाजारात बसवून तिचे दोन्ही हात गोंदून घेतले. ठिपके, वेल, मनगटाजवळ एक विंचू. आजीने तिला सांगितलं होतं, मेल्यावर दागिने इथेच राहतात, हे तुझ्याबरोबर येतं. पुढे आईचा बाप्तिस्मा झाला. तेव्हाच्या पाळकांनी हेच हात धरून तिला पाण्यात उतरवलं. त्यांना गोंदण दिसलं नसेल का? दिसलं असेल. त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

नवे पास्टर शापाबद्दल फार बोलतात. कोणाची नोकरी गेली, पूर्वजांचा शाप. आईची साखर वाढली, गोंदणाचा शाप. पहिल्या बाकावर मंडळीतली जुनी घराणी बसतात, त्यांना मात्र शाप नसतो. तिथल्याच एका घरचा मुलगा गिटार वाजवतो. त्याच्या दंडावर क्रूस आहे, इंग्रजी अक्षरांसकट, मशीनवर काढलेला. त्याला भाकर मिळाली. मिळाली ते बरोबरच झालं. माझं म्हणणं एवढंच, की माझ्या आईला का नाही?

पण पास्टर माझे कोणी नव्हते. दादा होते.

दादा माझे संडे स्कूलचे शिक्षक. आमच्या घरात कॉलेजचं तोंड मी पहिल्यांदा पाहिलं. अॅडमिशनला माझ्याबरोबर वडील नव्हते, त्यांची पाळी होती. दादा आले होते. त्यांनीच मला शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायला शिकवलं. नुसतं पाठ करायला नाही. ते म्हणायचे, "पुलपिटावरून कोणीही बोलू दे, मी बोललो तरी, घरी जाऊन शास्त्र उघड. ताडून बघ. जुळलं नाही तर सांग." दुसरं कोणीच आम्हाला 'सांग' म्हणत नव्हतं. मी त्या शब्दावर विश्वास ठेवला.

त्या आठवड्यात मी कॉलेजातून घरी आले तर खोलीत जळका, तेलकट वास. आई चुलीपाशी बसली होती. तिने बिब्बा तापवून सुईने टोचला होता आणि त्याचं तेल उजव्या हातावर, एकेका ठिपक्यावर लावत होती. बिब्ब्याने कातडी भाजून निघते, हे तिला चांगलं माहीत होतं. विंचवाच्या जागी फोड टरारून आला होता.

"काय केलंस हे?"

"मला त्या पंगतीत बसायचं हाय," ती म्हणाली. "दुसरं काय नाय."

साखरेच्या माणसाची जखम भरत नाही. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, हे कसं झालं. आई म्हणाली, चुकून लागलं.

तिथून मी दादांकडे गेले. एवढंच विचारलं, की अंगावरच्या खुणेवरून माणूस प्रभूच्या मेजावरून उठवायचा, हे शास्त्रात कुठे आहे?

"नाहीच," दादा म्हणाले. "पास्टर चुकतायत. मला कळतं गं."

"मग?"

"जाहीर बोललो तर मंडळी फुटेल. पहिल्या बाकावरचे सगळे त्यांच्या बाजूने आहेत. तू लहान आहेस अजून."

मी त्यांना त्यांचाच धडा आठवून दिला. येशूचा शिष्य पेत्र परजातीयांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्यांबरोबर, जेवत होता. मग सुंतेचा आग्रह धरणारी मोठी माणसं आली तसा भिऊन पंगतीतून उठला. आणि पौलाने त्याला सगळ्यांदेखत, तोंडावर सांगितलं, तू चुकतोयस. हे दादांनीच मला फळ्यावर चित्र काढून शिकवलं होतं.

दादा कपाकडे बघत म्हणाले, "चहा घे. गार होतोय."

पास्टरांना निदान स्वतःचं खरं वाटत होतं. दादांना खोटं कळत होतं आणि तरी ते ताट धरून उभे होते. मला लागलं ते हे.

पुढचा पहिला रविवार. पास्टरांनी आईला पुढे बोलावलं. तिचा पट्टी बांधलेला हात वर धरला आणि म्हणाले, या बहिणीने आज्ञा पाळली, हीच तिची साक्ष. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या आईच्या भाजलेल्या कातडीला टाळ्या.

मी उभी राहिले. म्हणाले, "ख्रिस्ताच्या मरणावर आणखी एक अट घालायची, मग ती सुंतेची असो की गोंदणाची, ही चुकीची शिकवण आहे. त्याने सगळं पुरं केलं. माझ्या आईच्या कातडीने त्यात काही भर पडत नाही."

पहिल्या बाकावरून आवाज आला, "काल डोंगरातून उतरले, आज आम्हाला शास्त्र शिकवतायत."

कोणीतरी हसलं. दादा हसले नाहीत. बोललेही नाहीत.

आई जागेवर येऊन बसली. ताट आलं. तिने पट्टीचा हात मांडीवर ठेवला आणि डावा पुढे केला. गोंदलेला, कोपरापर्यंत. ठिपके, वेल, सगळं उघडं. पास्टर पुढून बघत होते. दादांनी ताट तिच्यासमोर जरा खाली केलं. मला वाटलं, आता थांबेल.

ताट पुढे गेलं.

मैत्रिणी म्हणतात, सोडून दे असली मंडळी. मी सोडणार नाही. ज्याने मेज मांडलं तो यांच्या ताब्यात नाही. त्याच्यापासून मी का उठू?

येत्या पहिल्या रविवारी आम्ही पहिल्या बाकावर बसणार आहोत. आईने दुसऱ्या हाताला काही लावायचं नाही, हे आमचं ठरलंय. उरलेला बिब्बा मी गटारात टाकला. दादा ताट घेऊन आले की ती हात पुढे करील. ताट पुढे गेलं, तर मी पुन्हा उभी राहीन आणि या वेळी नाव घेऊन बोलेन. पास्टरांचं नाही. दादांचं.