मान फिरवणारा कॅमेरा

आमच्या अंगणातला कॅमेरा दुपारी आपोआप मान फिरवायचा. घरातले जेवून आडवे झालेले, गल्लीत चिटपाखरू नाही, आणि खांबावरचं ते पांढरं डोकं घर्र करून आधी गोठ्याकडे, मग फाटकाकडे, शेवटी सासूबाईंच्या खाटेकडे येऊन थांबायचं. मी असेन तिथे डोक्यावर पदर ओढायचे. कॅमेरा बसवून घेतला होता माझ्या मोठ्या दिरांनी. ते सुरतेला राहतात, तिथून मोबाईलवर घर बघतात. आमच्या तापीकाठच्या गावात मोठ्या दिरांसमोर सून उघड्या डोक्याने वावरत नाही. ते खांबावरून बघत असले म्हणून काय झालं?

सासूबाईंची मात्र चंगळ होती. मान वळली की त्या उठून बसायच्या. "जेवना का रे भाऊ?" म्हणून लेकाला विचारायच्या. उत्तर कधी यायचं नाही. मोठा फोन करत नाही, म्हणून पूर्वी त्या माझ्यापाशी डोळे पुसायच्या. कॅमेरा आला आणि ते थांबलं. "बोलस नई, पन देखस ना," म्हणायच्या. "इतलं बी गह्यरं शे मले." तेवढंच त्यांना पुष्कळ होतं.

मग घरातलं नेट रडत-रखडत चालायला लागलं. माझी मुलगी कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. तिने वैतागून सुरतेला फोन लावला. "मोठे बाबा, थोडा वेळ कॅमेरा बघू नका, माझा अभ्यास अडलाय."

"कोण बघतंय?" ते म्हणाले. "मोबाईल बदलला तेव्हापासून ते ॲपच नाही माझ्याकडे."

मुलीने फोन खाली ठेवला. तेवढ्यात बाहेर घर्र झालं, आणि खाटेवरून आवाज आला, "जेवना का रे भाऊ?"

मुलगी धावत गेली आणि तिने कॅमेऱ्याची वायरच उपटली.

दोन दिवस ती त्यात डोकं घालून बसली होती. कॅमेरा बसवणाऱ्याने सगळ्या गल्लीला कंपनीचा आलेला एकच पासवर्ड ठेवला होता. कोणी विसरलं की शेजारी भिंतीवरून ओरडून सांगायचा. कौतुक होतं आम्हाला त्याचं! "असे कॅमेरे हुडकत प्रोग्रॅम फिरत असतात," मुलगी म्हणाली. "सापडला की आत शिरतात. कॅमेरा दिसायला आपलाच, पण हुकूम दुसऱ्याचा. असे हजारो कॅमेरे आणि राऊटर एकदम एखाद्या वेबसाइटवर सोडले की ती आडवी होते. बॉटनेट म्हणतात त्याला."

"म्हणजे अंगात आलंय त्याच्या."

"तसंच समज. कामाच्या ताणाने तो बंद पडतो, पुन्हा सुरू होतो. सुरू होताना मान फिरवून बघतो. बहुतेक कोणीच बघत नसेल गं आई."

"बहुतेक?"

इतके महिने मी कोणासमोर पदर घेत होते, या विचाराने मला आधी भीती वाटली आणि मग असला संताप आला, की खांबासकट ते डोकं उखडावं. मुलीने मला आवरलं. कॅमेऱ्यातलं सगळं पुसून तो पहिल्यासारखा केला, नवं सॉफ्टवेअर घातलं, कॅमेऱ्याला आणि राऊटरला वेगवेगळे लांबलचक पासवर्ड दिले. बाहेरून थेट आत यायची राऊटरमधली सोय बंद केली, ॲपची वाट तेवढी ठेवली. गल्लीत सांगायला गेलो तर म्हणे, "आमच्या म्हशी बघून काय करणार तो?"

आमचा कॅमेरा मात्र आता हलत नव्हता. सासूबाई दुपारभर त्याच्याकडे तोंड करून बसायच्या. जेवणावरून मन उडालं. "मोठा बिमार शे का वं?" त्यांनी विचारलं, तेव्हा माझ्याच्याने खोटं बोलवेना. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग मी कोनासंगे बोलत व्हतू?"

जन्मात दिरांशी धड चार शब्द बोलले नव्हते. त्या दिवशी सगळी भीड गुंडाळून मीच फोन लावला आणि त्यांना खडखडीत सुनावलं. ते ओशाळले. मुलीने नवा पासवर्ड सांगितला, त्यांनी ॲप घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कॅमेऱ्याने मान फिरवली आणि खाटेपाशी येऊन थांबला. "मोठा शे, आई!" मी ओरडले. सासूबाईंनी वर पाहिलं. मुकाट्याने गोधडी गोळा केली, आत गेल्या आणि कडी घातली.

माझा फोन वाजला. दीर म्हणत होते, "आई कुठे गेली? आत्ता तर इथेच होती."