कमरेचं जास्तीचं कापड

गंजगोलाईच्या बाजारामागच्या गल्लीत एक शिंपी बसतात. त्यांचं नाव मला आजही ठाऊक नाही, मी नुसतं चाचा म्हणतो. पँट शिवताना ते कमरेत आतून जास्तीचं कापड सोडतात, आणि मी दरवर्षी तेच उसवून पँट सैल करून घ्यायचो.

दिवाळीनंतर गेलो तर त्यांनी पँट उलटी करून दाखवली. "कापड संपलं, सर. आता तुम्हालाच कमी व्हावं लागतंय."

मला राग आला. चष्मा कपाळावर सरकवून ते बोलतच राहिले. "उपाशी राहू नका, उपाशी माणूस मागून दुप्पट खातो. दोन भाकरीची एक करा, भाजी वाढवा. चहात साखर अर्धी. आन् दर इतवारी माप द्यायला या, पण गाडी न्हाई आणायची."

औसा रोडवरून चालत जायला लागलो. पहिले दोन रविवार टेपवरचा आकडा हलला नाही. तिसऱ्या रविवारी चाचांनी बोटाचं अर्धं पेर धरून दाखवलं, एवढं कमी. परतताना मी जवळजवळ पळालो आणि दारातच बायकोला तसंच पेर धरून दाखवलं.

काल ती पँट कमरेवर थांबेना. चाचांनी खडूनं नवी शिलाई आखली, उरलेल्या कापडावर कात्री टेकवली आणि विचारलं, "आत ठेवू का कापू?"



"कापा," मी म्हणालो.

ती कापलेली पट्टी आता त्याच पँटच्या खिशात आहे.