पोटाशी बांधलेलं अंडं

माझी सासू लेकीच्या बाळंतपणाला कल्याणला निघाली तेव्हा माझ्या लग्नाला सहा महिने झाले होते. लेकीचं हे तिसरं, आणि जावई तिथे रेल्वेत नोकरीला, म्हणून लेक ठाण्याला न येता सासूच तिकडे चालली होती. जाण्याआधी तिनं मला भाताची कणगी दाखवली, मिठाचा रांजण दाखवला आणि शेवटी कोनाड्यातून एक टोपली खाली घेतली. टोपलीत कोंड्यावर बदकाची नऊ अंडी होती.

"बाकी काय वाट्टेल ते होऊ दे," ती म्हणाली, "ही अंडी गेली नाही पाहिजेत."

ती थट्टा करत नव्हती. आमच्याकडची पांढरी बदकं तिच्या माहेरची. लग्न होऊन या घरात आली ती बदकांची जोडी टोपलीत घालूनच. तेव्हापासून त्यांचा वंश आमच्या परसात चालत आला होता. आठ दिवसांपूर्वी खाडीकडच्या कोल्ह्यानं शेवटची मादी उचलून नेली. नर उरला होता, पण नर काय अंडी घालणार? त्या नऊ अंड्यांतून काही निघालं तर निघालं, नाहीतर संपलं सगळं.

बदक स्वतःच्या अंड्यांवर धड बसत नाही, म्हणून आमच्यात ती अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवतात. एक कोंबडी तशी खुडूक होऊन फुगून बसलीच होती. सासू म्हणाली, "आधी बदकाची ठेव. आठ दिवस गेले की मग कोंबडीची पाच घाल. बदकाच्या पिल्लाला आठवडाभर जास्त लागतो. म्हणजे सगळी एकदम निघतील." हे तिनं आदल्या संध्याकाळी सांगितलं आणि गाडीला निघताना उंबऱ्यात पुन्हा सांगितलं.

मला कुणी एकच गोष्ट दोनदा सांगितली की माझं डोकं फिरतं. आजही फिरतं, तेव्हा तर मी सतरा वर्षांची होते. मनात म्हटलं, मी काय कोंबड्या पाहिल्या नाहीत? अंडी ती अंडी! आठ दिवसांनी पुन्हा त्या चिडक्या कोंबडीखाली हात घाला, तिच्या चोची खा, कुणी सांगितलंय? मी चौदाच्या चौदा अंडी एकाच दिवशी ठेवली आणि शहाणपणाच्या भरात तीन आठवडे मजेत घालवले.

एकविसाव्या दिवशी कोंबडीची पाचही पिल्लं निघाली. दुसऱ्या दिवशी कोंबडी उठली, पिल्लांना घेऊन परसात उकरायला गेली, आणि बदकाची अंडी तशीच उघडी पडली.

तेव्हा मला सासूचे ते आठ दिवस आठवले. कोंबडीला धरून आणून तीनदा अंड्यांवर बसवली. तिन्ही वेळा ती माझ्या हाताला चोच मारून पळाली. अंडी चुलीजवळ कोंड्यात ठेवली, तर एक फुटलं, आणि असा वास सुटला की नवरा जेवता जेवता ताट घेऊन अंगणात गेला. मग एकेक अंडं उन्हात धरून पाहिलं. सात नुसती गढूळ. एकाच अंड्यात काहीतरी हललं.

ते एक अंडं मी जुन्या मऊ लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलं आणि पोटाशी बांधलं. माणसाच्या अंगाची ऊब काय वाईट? दिवसभर ते माझ्या पोटाशी. रात्री कोंड्यात, शेजारी फडक्यात गुंडाळलेली गरम वीट.

नवऱ्याला मी सगळं खरं सांगितलं. तो पोट धरधरून हसला. पण मी वाकायची नाही, ओझं उचलायची नाही, म्हणून विहिरीवरून पाण्याचा हंडा तोच आणू लागला. आता आमच्या आळीत पुरुषानं हंडा घेऊन विहिरीवर जाणं म्हणजे काय, हे मी नव्या सुनेनं तरी ओळखायला हवं होतं. तिथे पुरुष फक्त एकाच कारणासाठी पाणी भरायचे.

शेजारची मावशी दुपारी आली. मी पोटावर हात ठेवून, भिंतीला धरून हळूच खाली बसले. तिनं माझ्याकडे पाहिलं, गालात हसली आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी तिनं मला ओंजळभर हिरव्या चिंचा आणून दिल्या. मला चिंचा भारी आवडतात. मी तिच्यासमोरच मीठ लावून सगळ्या संपवल्या. ती म्हणाली, "खा बाय, खा, लाजू नको." मी म्हटलं, चिंचा खायला कसली आलीये लाज?

अठ्ठाविसाव्या दिवशी अंड्याला चीर गेली. आतून बारीक टकटक आणि चिवचिव ऐकू आली, तशी मी आनंदानं नाचायचीच बाकी होते. पण दिवस मावळला, दुसरी सकाळ झाली, तरी चीर होती तेवढीच. टकटकही थांबत चालली. मला राहवेना. नखानं कवच थोडंथोडं सोलून मी पिल्लू बाहेर काढलं. बाई गं, काय ते ध्यान! ओलं, चिकट, मान टाकलेली, पाय दोन बाजूंना फाकलेले. मी त्याला कापसात गुंडाळून चोळीत धरलं आणि चुलीसमोर बसून मोठ्यानं ‘आमचा बाप’ ही येशूनं शिकवलेली प्रार्थना जपायला लागले. त्याला भाताची शितं भरवून पाहिली, ती त्याच्या चोचीबाहेरच चिकटून राहिली.

तेवढ्यात दारात टांगा थांबला आणि सासू आत आली. सांगितल्या दिवसाच्या चार दिवस आधीच! एका हातात गाठोडं, दुसऱ्या हातात डिंकाच्या लाडवांचा डबा, आणि तोंडावर असं हसू की तिच्या तोंडावर मी ते तोवर कधी पाहिलं नव्हतं.

"उठू नको, उठू नको! बस तशीच," ती म्हणाली. "मावशीचा नवरा कल्याणला आला होता. त्यानं सांगितलं सगळं. कितवा महिना गो?"

मला क्षणभर काही कळेना. मग चिंचा आठवल्या, हंडा आठवला, आणि मी कानापर्यंत तापले.  चोळीतून कापसाचा गोळा काढून तिच्यासमोर धरला.

"आय, हेच आहे," मी म्हटलं. "दुसरं काही नाही. मी सगळी अंडी एकदम ठेवली. आठ गेली. हे एकच उरलंय, आणि हेही मरतंय बहुतेक."

सासूनं लाडवांचा डबा हळूच खाली ठेवला. तिच्या तोंडावरचं हसू गेलं. मी डोळे मिटले. म्हटलं, आता मला माहेरी पाठवणार, आणि पाठवावंच.

"पाणी पाजलंस?" तिनं विचारलं.

मी डोळे उघडले. "नाही. भात देत होते."

"अगो येडे, बदकाला पाण्याशिवाय घास उतरतो का?"

लुगडंही न बदलता ती माझ्यासमोर फतकल मारून बसली. कोमट पाण्यात बोट बुडवून तिनं पिल्लाच्या चोचीच्या कडेला थेंब सोडला. एक, दोन, तीन. चौथ्याला पिल्लानं चोच हलवली. मग तिनं उकडलेल्या अंड्याचा बलक पाण्यात पातळ कालवून बोटानं चाटवला. लुगड्याच्या काठाची चिंधी फाडून फाकलेले दोन्ही पाय तिनं मध्ये बोटभर अंतर सोडून सैल बांधले, म्हणजे ते सरळ राहतील. दुपारी पिल्लानं मान वर केली, तेव्हा मला एवढा हुरूप आला की मी त्याला परातीतल्या पाण्यात पोहायला सोडायला निघाले. सासूनं फाडकन माझ्या हातावर चापट मारली. "आईच्या पंखाखाली तेल लागतं पिल्लाच्या अंगाला, म्हणून ते भिजत नाही. ह्याला कुठाय आई? बुडेल ते!"

तिसऱ्या दिवशी चिंधी सोडली. पिल्लू उभं राहिलं, पडलं, पुन्हा उभं राहिलं, आणि माझ्या मागे मागे घरभर फिरायला लागलं. पुढे ती मादीच निघाली. पण त्या तीन दिवसांत सासू माझ्याशी पिल्लाखेरीज एक अक्षर बोलली नव्हती, आणि ते मला मारापेक्षा जास्त लागत होतं.

रविवारी देवळातली प्रार्थना आटोपून आळीतल्या बायका सासूचं अभिनंदन करायला ओटीवर जमल्या. मावशी सगळ्यांत पुढे. मी दाराआड उभी. सासूनं मांडीवरचं पिल्लू उचलून त्यांच्यासमोर धरलं.

"हे बघा, हेच झालंय आमच्याकडे," ती म्हणाली. "नातवंड व्हायचं तेव्हा होईल."

बायका खो खो हसल्या. पण मावशी गप्प बसणारी नव्हती. "नऊ अंड्यांत हे एकच? सून एकदम सगळी ठेवून बसली, असं ऐकलं. एवढंही येत नाही का तिला?"

आता सासू काय ते बोलणार. मी दाराची कडी घट्ट धरली.

"तिला काय माहीत?" सासू म्हणाली. "मीच सांगायला विसरले. गाडीची घाई होती. हे एक जगलं ते तिनं पोटाशी बांधलं म्हणून. तू बांधलं असतंस का?"

 मी तिथून पळाले आणि चुलीपाशी बसून हमसून हमसून रडले. बायका गेल्यावर सासू आत आली.

"आय," मी म्हटलं, "तू खोटं का बोललीस? रविवारी, देवळातून आल्या आल्या!"

"शनिवारी पापं कबूल करायला जाईन, तेव्हा सांगेन पाद्रीला," ती म्हणाली. "ऊठ आता. पिल्लाचं पाणी संपलंय."