हळदीतलं पहिलं नाव

मानपाड्याच्या मागचं गाव आता पाटीपुरतं उरलंय. शेतांवर टॉवर उभे राहिले, आवडाबाईचं कौलारू घर जाऊन चार मजले आले, खालचे गाळे भाड्यानं गेले. पण लग्न निघालं की बोलावणं अजून आवडाबाईलाच येतं. ती धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नातले धवले, म्हणजे एकेका विधीची गाणी, ती गाते. हल्ली भटजी असतो, डीजे असतो, आणि व्हिडिओवाला येऊन सांगतो, "आजी, जरा शॉर्टमध्ये घ्या." आवडाबाई शॉर्टमध्ये घेत नाही. वय बहात्तर, आवाज खणखणीत आणि स्वभाव त्याहून खणखणीत.

हळदीत तर तिचंच राज्य. गाण्यात ती जिचं नाव घेईल तिनं उठून नवरदेवाला हळद लावायची. ती येईपर्यंत पुढची ओळ नाही, तीच पुन्हा म्हणायची. पहिला मान आजीचा, मग आईचा, मग काकी, मामी, आत्या. आणि विधवेचं नाव घ्यायचं नाही. हे तिला सासूनं शिकवलं आणि तिनं ते कधी मोडलं नाही. नवरा नाथा वारल्यावर तर तिनं तो नियम स्वतःलाही लावला. गेली सतरा वर्षं ती मांडवाच्या खांबाशी बसून दुसऱ्यांना बोलावते, वाटीला हात लावत नाही.

यंदा तिच्याच घरात लग्न निघालं. मुलगा विश्राम, त्याचा हितेश नवरदेव आणि हितेशच्या पाठची भावना करवली. भावना अकरावीला. जग कसं असावं हे त्या वयात जितकं स्पष्ट दिसतं तितकं माणसाला पुढे कधीच दिसत नाही. एका रात्री जेवताना तिनं जाहीर केलं, "दादाच्या हळदीत पहिलं नाव आजीचं. आपल्या आजीचं."

"तुला कोनी विचारला?" विश्राम म्हणाला. "रीत हाय ती."

"रीत काय, बाबा? आजोबा गेले यात आजीची काय चूक? सीरियसली, हे किती वाईट दिसतं."

"मोबाइलवर कायपन बघतस नि आमाला शिकवतस."

"ठीक आहे. मग मी करवली होणार नाही. हळदीची वाटी तुम्हीच न्या."

हे बरोबर वर्मी लागलं. हितेशला बहीण एकच, आणि मंडप, खुर्च्या, डीजे सगळं भाड्यानं मिळत असलं तरी करवली मिळत नाही. विश्राम दोन दिवस धुसफुसला. मग भावकीतल्या चार म्हाताऱ्यांकडे जाऊन आला. त्यांनी दोन-दोन कप चहा घेतला आणि काळ बदलला असं सांगून त्याला परत पाठवलं. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "करा काय करायचा ता." भावनानं मैत्रिणींना लगेच मेसेज टाकला की आम्ही जिंकलो.

ज्या बाईसाठी ही लढाई झाली तिला मात्र कुणी विचारलं नव्हतं. आवडाबाई सुकट निवडत बसली होती. तिनं मान वर न करताच सांगितलं, "मी माजा नाव घेनार नाय."

"अगं का? तुझ्यावर अन्याय झालाय, कळतंय का तुला?"

आवडाबाईला कळत होतं. म्हणूनच तिला त्या शब्दाची लाज वाटली.

गोष्ट एकोणीस वर्षांपूर्वीची. तिची धाकटी जाऊ बायजा ऐन तारुण्यात विधवा झालेली. भाजीच्या पाट्या वाहून तिनं एकुलता एक सुदेश वाढवला, शिकवला. सुदेशच्या हळदीला बायजा नवं लुगडं नेसून पुढे येऊन उभी राहिली. मुलाच्या हळदीला तरी आपलं नाव येईल असं तिला वाटलं होतं. धवला आईच्या नावाशी आला आणि आवडाबाईनं ते गाळून मामीचं नाव घेतलं. वर आईच्या जागी बसून आईच्या मानाची हळद थोरली काकी म्हणून आधी स्वतःच लावली. तेव्हा नाथा जिवंत होता. बायजा खांबामागे जाऊन उभी राहिली. दोन वर्षांनी नाथा गेला आणि आवडाबाई त्याच खांबाशी आली. गावानं ते पाहिलं. जावा आजही एकमेकींच्या घरी जातात-येतात, पण कामापुरत्या.

हे सगळं भावनाला कसं सांगायचं? पोरीच्या डोळ्यांत आजी म्हणजे गरीब बिचारी. ते पुसायला आवडाबाईचा जीव होईना. आणि आता आपल्यापाशी आल्यावर रीत मोडायची, तर मग बायजेला कशासाठी मागे लोटलं? भावना रोज दुपारी वही घेऊन बसायची, धवले उतरवून घ्यायची. पहिल्या ओळीत तिनं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं, "आजी आवडाबाय." आवडाबाईनं ते खोडायला सांगितलं नाही. तिला वाटलं, हळदीपर्यंत काहीतरी सुचेल.

हळदीच्या संध्याकाळी मांडव भरला. हितेश पाटावर बसला, भावना वाटी घेऊन उभी राहिली, डीजे बंद झाला. बायजा नेहमीसारखी मागच्या खुर्चीत, मांडीवर पर्स घेऊन बसली होती. आवडाबाईनं घसा खाकरला.

"हलद वाटली गो वाटीनं, ये गो आजी बायजाबाय."

मांडवात चुळबुळ झाली. चुलत आजी ही आजीच, आणि विधवेचा नियम तर विश्रामनं आधीच सोडला होता, त्यामुळे हरकत कुणाला घेता येईना. भावना वाटी घेऊन आजीकडेच निघाली होती, ती मध्येच थांबली. बायजा जागची हलली नाही. आवडाबाईनं ओळ पुन्हा म्हटली. मग तिसऱ्यांदा म्हटली. चौथ्यांदा व्हिडिओवाला घड्याळ बघायला लागला, विश्राम उठून "आये, पुढं चल" म्हणाला. आवडाबाईनं पाचव्यांदा तीच ओळ घेतली.

आठव्या वेळी बायजेनं पर्स खुर्चीवर ठेवली. ती सावकाश पुढे आली, भावनाच्या हातातल्या वाटीत बोटं बुडवली, हितेशच्या गालांना, खांद्यांना, पायांना हळद लावली. मग आवडाबाईसमोर येऊन उभी राहिली.

"माजे सुदेशचे हलदीला तुजा गला बसला व्हता का गो?"

"नाय," आवडाबाई म्हणाली. "गला चांगला व्हता."

भावनानं आधी एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे. शेजारी तिची आई मान खाली घालून उभी होती, विश्राम मांडवाच्या छताकडे बघत होता. मोठ्यांना सगळं ठाऊक होतं हे तिला तेव्हा समजलं. तरी तिनं हळूच विचारलं, "आजी, तुझं नाव?"

"माजा नाव मना नाय घेता येत. ता घेयाचा त बायजेनं."

बायजा खुर्चीकडे निघाली होती, ती वळली. तिनं जावेला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं. चेहऱ्यावर राग नव्हता, माया तर नव्हतीच.

"सुदेशचा पोर्गा बारावीला हाय," ती म्हणाली. "त्याचे हलदीला घेईन. तवर गला टिकव."

आवडाबाईनं मनात वर्षं मोजली. शिक्षण, नोकरी, मग लग्न. तोवर ती ऐंशीच्या पुढे जात होती. तिनं मान डोलावली, पदर नीट केला आणि हितेशच्या आईचं नाव घेतलं.