गुडघ्याएवढी रेघ

रंगाऱ्याला अख्खी गल्ली मामा म्हणायची. त्याची थोरली बहीण गल्लीच्या टोकाच्या घरात राहायची, तिची मुलगी त्याला मामा म्हणायची, म्हणून सगळ्यांनीच त्याला मामा करून टाकलं होतं. नोकरी धरणाच्या कचेरीत. काम म्हणाल तर वर्षातून एकदाच खरं महत्त्वाचं: पावसाळा तोंडावर आला की लाल रंगाचा डबा घेऊन नदीकाठच्या घराघरांवर पूररेषा नव्यानं ओढायची.

ते धरण पाणी साठवण्यासाठी नव्हतंच. त्याचा जलाशय एरवी जवळजवळ रिकामा ठेवायचा, आणि नदी अंगावर आली की लोंढा तिथे अडवून खाली बेताबेतानं सोडायचा. पण जलाशयालाही पोट असतं. ते तुडुंब भरलं तर धरण वाचवायला सगळे दरवाजे उघडावे लागतात. तसं झालं तर खाली पाणी कुठवर चढेल, ते ही रेघ सांगायची. साहेबांची माणसं गल्लीच्या तोंडाशी एक खूण करून द्यायची. तिथून पुढे मामा पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन ती उंची घरोघर नेत जायचा. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एका पातळीत आलं की खडूचं टिंब, टिंबांवरून दोरी, दोरीवरून ब्रश. बोटभर फरक पडला तरी पुसून परत. बाकी कशात हा माणूस काटेकोर नव्हता. शर्टाची बटणंसुद्धा खालीवर लावायचा.

सव्वीस वर्षं गल्लीत पाणी आलं नाही. धरणामुळे आलं नाही, आणि आलं नाही म्हणून लोक त्याच धरणाला फुकटचं पोसलेलं धूड म्हणायला लागले. रेघेवर जाहिराती चिकटल्या, चटया वाळल्या. "काय मामा, यंदा तरी आणताय का पाणी, की नुसतीच धमकी?" असं विचारून लोक हसायचे. मामा जाहिराती टरकावून काढायचा, भांडणं ओढवून घ्यायचा आणि रेघ ओढूनच घरी जायचा.

फक्त ताईपुढे त्याचं काही चालत नसे. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. ताईनं शाळा सोडून त्याला वाढवलं. आता ती विधवा होती, वरच्या मजल्यावर राहायची आणि तळमजला भाड्यानं द्यायची. त्या भाड्यावर तिचं चालायचं.

"दोन वर्षं खाली कुलूप आहे," एका दुपारी ती म्हणाली. "माणसं येतात, दारावरची रेघ बघतात आणि 'कळवतो' म्हणून जी जातात ती जातातच. गुडघ्याएवढी कर ती."

"ताई, ती माझ्या मनानं ओढत नाही मी."

"सव्वीस वर्षांत कधी आलंय का पाणी? मग? तुझं काय जातंय?"

तुझ्यासाठी मी काय काय केलं, हे ती कधीच बोलून दाखवत नसे. दाखवलं असतं तर त्याला निदान भांडता तरी आलं असतं. त्यानं चौकटीवरची रेघ चुन्यानं झाकली आणि जमिनीपासून दीड फुटावर नवी ओढली. नळी त्या दिवशी पिशवीतच राहिली. ताईचं घर कोपऱ्याला वळल्यावर होतं, जोतं दोन पायऱ्या उंच होतं, त्यामुळे बघणाऱ्याला पटून जायचं. दोन पायऱ्यांनी पाच फूट भरून निघत नाहीत, हे कुणीही मोजून सांगितलं असतं. पण मोजण्याचं काम मामाचं होतं, आणि त्याच्यावर गल्लीचा विश्वास होता. पहिल्या वर्षी त्याला दोन दिवस जेवण गेलं नाही. दुसऱ्या वर्षी त्यानं तीच रेघ ठरलेल्या कामासारखी गिरवली.

भाडेकरू मिळाली. शाळेतल्या बाई, आणि अंथरुणाला खिळलेली त्यांची आई. बाईंनी गल्लीतली चार घरं पाहिली होती. "बाकी ठिकाणी रेघ डोक्यावर आहे. आईला उचलून पळणं मला एकटीला कुठलं जमायला? हे घर बरं," असं त्यांनी स्वतःच ताईला सांगितलं. ताईनं ते कौतुकानं मामाला सांगितलं. मामा नुसताच हसला. लाज वाटायला हवी होती!

तिसऱ्या वर्षी वरच्या डोंगरात नऊ दिवस पाऊस थांबला नाही. जलाशय काठोकाठ आला, आणि दहाव्या दिवशी सकाळी अकराला भोंगा वाजला. कचेरीची गाडी ओरडत फिरली: "दोन वाजेपर्यंत पाणी लाल रेषेपर्यंत येईल. आपापल्या घराची रेषा बघा आणि हला." ज्यांची रेघ डोक्यावर होती ते पोराबाळांना घेऊन चढावर गेले. शेजारचा शिंपी बाईंकडे धावत आला. "म्हातारीला उचलू का? चौघं आहोत."

बाईंनी रेघेकडे पाहिलं. ताई मुलीकडे परगावी गेली होती, वरच्या मजल्याला कुलूप होतं; चढावर न्यायचं तर आईची हाडं वाटेतच मोडायची. "नको. पाणी गुडघ्याएवढंच येणार आहे," त्या म्हणाल्या. त्यांनी शिंप्याच्या मदतीनं खाटेच्या पायांखाली विटा लावल्या, उशाशी पाण्याची बाटली ठेवली आणि शाळेत अडकलेली लहान मुलं चढावर पोचवायला गेल्या. तासाभरात परत येणार होत्या. पण पोरं पोचवता पोचवता दोन वाजून गेले, आणि त्या परतल्या तोवर पाण्यात गल्लीचं तोंडच दिसत नव्हतं.

त्या वेळी मामा धरणावर होता. भिंतीवरचे पाण्याच्या पातळीचे आकडे त्यानंच रंगवलेले. इतक्या पाण्यातही ते लांबून स्वच्छ वाचता येतात म्हणून साहेबांनी त्याची पाठ थोपटली. तो खूश होता. ताईच्या घराची रेघ त्याला आठवली तेव्हा संध्याकाळ झाली होती.

पाणी ओसरल्यावर साहेब टेप घेऊन गल्लीत फिरले. प्रत्येक भिंतीवर चिखलाची कड आणि लाल रेघ यांत बोटभराचं अंतर. "मामा, तुमच्या रेघेनं तीनशे माणसं वाचवली," साहेब म्हणाले. मग ते कोपऱ्याला वळले. ताईच्या घरावर चिखल चौकटीच्या माथ्याशी होता आणि रेघ खाली, दीड फुटावर. साहेबांनी एकदा भिंतीकडे, एकदा मामाकडे पाहिलं आणि टेप गुंडाळली.

"उद्याच्या उद्या वर घ्या ही. कचेरीच्या गळ्याशी येईल. यावर तुम्ही बोलायचं नाही, मीही बोलणार नाही."

दुसऱ्या दिवशी मामानं पिशवीतून नळी काढली. त्यानं चौकटीवर टिंबं दिली, दोरी बांधली. बाई आपलं उरलंसुरलं सामान न्यायला आल्या होत्या. त्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"मी मोजून ठेवलं होतं आईला," त्या म्हणाल्या. "रेघेच्या वर चांगली वीतभर."

मामाचा ब्रश भिंतीला टेकेना. सांगायचं तर आत्ताच, हे त्याला कळत होतं. वर सज्जात परगावाहून परतलेली ताई उभी होती. ती कठडा धरून खालीच बघत होती.

"धरणवाल्यांनी तुम्हाला आकडाच चुकीचा दिला असणार," बाई म्हणाल्या. "हो ना?"

"हो," मामा म्हणाला. "आकडाच चुकला."

"मग तुमचा काय दोष?" त्यांनी डोळे पुसले. "डबा कललाय तुमचा, मामा. रंग सांडतोय. द्या, डबा मी धरते."

आणि रेघ पुरी होईपर्यंत त्या डबा धरून उभ्या राहिल्या.